आबाजींचा वालचा अँप, स्टँडबायचं बटन आणि तालुक्यातले रेडिओवाले काका

ज्याला फक्त रेटिंग पायजे त्यानं घ्यावं, पाचपैकी चार स्टार. हेच पहिल्या खेपेनंतर विचारलं असतं तर एक दिला असता, तोही खुर्ची देऊन बसवलं अन् चहा पाजला म्हणून.

दुकानाचं नाव लिहीत नाही कारण दुकानाला पाटीच नाही. पत्र्याचं शटर, आत दोन्ही भिंतींना टेकवलेले जुने रेडिओ, टेबलावर एक सिरीज बोर्ड अन् त्याला लावलेला शंभरचा पिवळा बल्ब. काका साठीच्या पुढचे. आमचं गाव ब्रम्हपुरी-वडसा पट्ट्यात, धानाचा भाग, अन् इकडं व्हॉल्व्हचं (काका म्हणतात वाल, ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्या) काम हातात घेणारा माझ्या माहितीत हा एकच माणूस उरला आहे, बाकीचे मोबाइलचे डिस्प्ले बदलून राहिले. काकांकडं अजून ईसीसी८३ या छोट्या व्हॉल्व्हचा डबा आहे, त्यातले दोन-चार तर आपल्या बंगळूरच्या बेलचे (भारत इलेक्ट्रॉनिक्स), पांढरी अक्षरं अर्धी पुसलेली. तो डबा पाहूनच मी अँप तिथं ठेवून आलो होतो.

अँप आबाजींचा. नागपूरच्या सीताबर्डीवरून सेकंडहँड आणलेला, नावाची पट्टी तेव्हाच नव्हती म्हणे. आत भोंग्याला ताकद देणारी ईएल३४ व्हॉल्व्हची जोडी, दोन ईसीसी८३ अन् रेक्टिफायरला, म्हणजे एसीचं डीसी करायला, जीझेड३४, मागं लांबच्या भोंग्यांसाठी शंभर व्होल्ट लाइनचे टर्मिनल, पॉवर म्हणाल तर जेमतेम ३५ वॅट. आज हसाल, पण झाडीपट्टीतल्या नाटकांचा सीझन दिवाळी ते होळी असतो आणि त्या काळात आबाजींनी याच्यावर रात्र-रात्र नाटकं काढली, दोन भोंगे झाडाला बांधून अन् स्टेजच्या मधोमध वरून एक माईक सोडून, डायलॉग म्हणायचा असला की नटानं चालत त्या माईकखाली यायचं. आता नाटकाला ट्रकभर साउंड येतो. आमचा अँप भजन मंडळाकडं आहे, खंजिरी, टाळ, गणपतीत दहा दिवस आणि कार्तिकात महिनाभर पहाटेचा काकडा.

ज्यांनी व्हॉल्व्हचा रेडिओ पाहिला नाही त्यांच्यासाठी, याला बटन दाबलं की लगेच आवाज येत नाही. आबाजी तर सातच्या बातम्या ऐकायच्या असल्या की सातला जरा कमी असतानाच रेडिओचं बटन फिरवायचे अन् मग हातपाय धुवायला जायचे. आतलं फिलामेंट ६.३ व्होल्टवर तापतं, ते कॅथोडच्या नळीला तापवतं, नळीवरचा पांढरा लेप चांगला लालसर तापला की मगच त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात अन् करंट वाहतो. पंधरा-वीस सेकंदाचं काम आहे. तव्यावर पाणी शिंपडून पाहतो आपण, तसं, तवा तापायच्या आधी भाकर टाकून उपयोग नाही, एवढंच.

तर मागच्या वर्षी जीझेड३४ गेला. काकांनी पाहिला, हलवला, आत काहीतरी खुळखुळलं. म्हणाले, "हा आता भेटत नाई बापू, अन् भेटला तं परवडत नाई. डायोड टाकून देतो, जन्मभर पाहाचं काम नाई." डायोड म्हणजे तेच काम करणारा, तापायची गरज नसलेला छोटा तुकडा. मी म्हटलं टाका. सोबत घूं आवाज येत होता तो घालवायला मेन कंडेन्सर, म्हणजे डीसी साठवून सपाट करणारी टाकीच, मोठा टाकला, २२० मायक्रोफॅरडचा, ४५० व्होल्टचा. आणि तिसरी गोष्ट मी न सांगता केली, समोरच्या प्लेटला ड्रिलनं भोक पाडून एक टॉगल स्विच बसवला. स्टँडबाय.

म्हणजे फिलामेंट तापत राहतं पण व्हॉल्व्हचं मोठं व्होल्टेज तोडलेलं असतं. का म्हणून विचारलं तर म्हणे, "थंड्या वालवर एकदम साडेचारशे व्होल्ट पडले तं आतला लेप उडून जाते. म्हून आधी शेक द्याचा, दोन मिनिट, मंग हे बटन खाली कराचं. गाण्याच्या मोठ्या मशीनीयले असतेच हे." बिल झालं २,८०० रुपये, त्यात स्विचचे अन् भोकाचे मिळून ४०० वेगळे लावले होते.

घरी आणला तर बाबा प्लेटकडं पाहतच राहिले. "आबाजीनं इतकी वर्षं वापरला, त्यायनं नाई पाडला छेद," एवढंच बोलले अन् बैल सोडायला निघून गेले. खरं सांगतो, २,८०० पेक्षा ते जास्त लागलं मला.

पण वाजायला मस्त वाजत होता. घूं आवाज पार गेला. आणि स्विचचा आमच्या मंडळींना इतका शोक लागला की विचारू नका. भजन संपलं, महाप्रसाद सुरू झाला की स्टँडबाय. पाहुणे बोलत बसले की स्टँडबाय. सगळ्यांना वाटे की व्हॉल्व्ह वाचून राहिले अन् वीजही वाचून राहिली. मग कार्तिक लागला. रात्री दहाला भजन आटोपलं, पहाटे साडेचारला काकडा, तर एकाच्या डोक्यात आलं की बंद कशाला करायचा, स्टँडबायवर ठेवून देऊ, पहाटे थंडीत दोन मिनिटं तरी कोण थांबते. ठेवला.

तीनच्या सुमारास देवळात फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. पुजाऱ्याच्या घरचे उठून आले, मीही गेलो, देवळात जळक्या कागदाचा अन् कसल्यातरी तेलकट आंबट केमिकलचा वास भरलेला, अँपच्या जाळीतून कापसासारखे धागे बाहेर आलेले आणि चांदीच्या वर्खासारखे तुकडे थेट विठोबाच्या पायाशी. मेन कंडेन्सर फुटला होता. ज्या बटनानं अँप वाचणार होता ते बटन वर, म्हणजे स्टँडबायवरच होतं. त्या दिवशी काकडा बिनमाईकचा झाला आणि एक म्हातारी म्हणाली की आज बरं ऐकू आलं, ते सोडा.

आठवडाभर मी रात्री जेवण झालं की मोबाइलवर हेच वाचत बसलो आणि जे कळलं ते माझ्या भाषेत सांगतो, कारण इथं बरेच जण जुने अँप नीट करून घेतात आणि सगळ्यांना हे बटन कोणी ना कोणी चिकटवतो.

ट्रान्सफॉर्मर आहे ३२५-०-३२५ चा, म्हणजे २३० च्या लाइनवर मधल्या तारेपासून दोन्हीकडं ३२५ व्होल्ट. डायोड असले की ते तापायची वाट पाहत नाहीत, बटन दाबलं की पहिल्या क्षणापासून पूर्ण व्होल्टेज. आणि समोर करंट ओढणारं कोणीच नसलं, म्हणजे व्हॉल्व्ह थंड आहेत किंवा स्टँडबायनं तोडून ठेवलेत, तर कंडेन्सर पार शिखरापर्यंत चढतो, ३२५ गुणिले १.४१४ म्हणजे ४६० व्होल्ट. कंडेन्सरवर लिहिलंय ४५०. इथंच गाडी उलटी आहे. आता आमच्याकडं संध्याकाळी लाइन १८० वर बसते अन् रात्री गाव झोपलं की चढते, मी स्वतः मीटर लावून २५५ पाहिलेत. २५५ ला तोच हिशोब ५१० वर जातो. ४५० च्या कंडेन्सरला पाच तास ५१० वर टांगून ठेवलं तर तो फुटणारच, काकडा काय अन् शेजारती काय.

आणि वर चूक ही की काकांनी स्विच लावला होता पहिल्या कंडेन्सरच्या पुढं. म्हणजे स्टँडबायवर व्हॉल्व्हला व्होल्टेज नाही पण कंडेन्सरला पूर्ण, उलट अँप वाजत असता तर व्हॉल्व्हनी करंट ओढून व्होल्टेज खाली तरी आणलं असतं. बरं त्याच कारणानं आणखी एक धोक्याचं होतं ते मला नशिबानंच आधी कळलं होतं. एकदा फ्यूज पाहायला झाकण काढलं, अँप स्टँडबायवर ठेवूनच मेनमधून बंद केलेला, पाऊण तास होऊन गेलेला, तरी मीटरवर ३०० च्या वर व्होल्ट. कंडेन्सर रिकामा व्हायला वाटच नव्हती. हात घातला असता तर आज हे लिहायला मी नसतो.

राहिला लेप उडायचा प्रश्न. ती गोष्ट खोटी नाही पण ती हजारो व्होल्टवर चालणाऱ्या ट्रान्समीटरच्या मोठ्या व्हॉल्व्हची आहे. चारशे-साडेचारशेवाल्या आपल्या रेडिओ अँपच्या व्हॉल्व्हला तशी भीती नाही. साधा विचार करा, घरोघरी व्हॉल्व्हचे रेडिओ होते, कोणत्या रेडिओला स्टँडबाय होता? घरी गाणी ऐकायचे नावाजलेले अँप, १९५३ चा क्वाड टू घ्या, १९५९ चा डायनाको एसटी-७० घ्या, आजही लोक लाखमोलानं सांभाळतात, एकालाही हा स्विच नाही. डायनाकोत तर हेच ईएल३४ अन् हाच जीझेड३४. काका म्हणतात त्या "गाण्याच्या मशीनी" म्हणजे गिटारचे अँप, तिथं मात्र आहे, अमेरिकेच्या फेंडर कंपनीनं ५० च्या दशकात दिला आणि १९६२ मध्ये लंडनला मार्शल कंपनीचा पहिला अँप फेंडरच्या बासमन अँपवरून बेतला तेव्हा हा स्विचही सोबत आला. गिटारवाल्याला दोन गाण्यांच्या मध्ये चहा प्यायला जायचं असतं, अँप गरम ठेवून गप्प करायला बटन बरं पडतं. आपल्याला त्यासाठी माईकचा आवाज कमी करायचं बटन आहे की.

आणि तासन् तास स्टँडबायवर ठेवून व्हॉल्व्ह वाचतो हे तर उलटंच निघालं. कॅथोड तापलेला पण करंट नाही, असं खूप काळ राहिलं की लेप आणि खालच्या निकेलच्या मध्ये एक थर जमत जातो, तो करंटला आडवा येतो, व्हॉल्व्ह मंद पडतो. अमेरिकेत एमआयटीचा व्हर्लविंड कॉम्प्युटर होता, त्यातही व्हॉल्व्ह याच कारणानं पटापट जात होते, शोधलं तर निकेलमधलं सिलिकॉन निघालं, ते काढून व्हॉल्व्ह बनवले तेव्हा आयुष्य कितीतरी पटीनं वाढलं. हे काही एका रात्रीत होत नाही, शेकडो तासांचं काम आहे, पण वाचवायला म्हणून करायचं अन् त्यानंच झिजवायचं हे कशाला. वीजही वाटते तेवढी वाचत नाही, ईएल३४ एकेक दीड अँपिअर फिलामेंटला खातोच, दोघांचे मिळून १९ वॅट तर नुसते शेकायचेच.

एवढं सगळं डोक्यात भरून मी अँप घेऊन परत दुकानात गेलो, भांडायच्याच तयारीनं. आणि इथून पुढचे तीन स्टार आहेत.

काकांनी झाकण काढलं, फुटलेला कंडेन्सर पाहिला अन् पहिल्यांदा विचारलं, "फुटला तवा बटन कुठं होतं?" मी म्हटलं वर. मग कोणाच्या तरी लग्नाच्या पत्रिकेच्या मागच्या बाजूला पेन्सिलनं सर्किट काढलं, डायोड, कंडेन्सर, स्विच, तिथंच पेन्सिल थांबली. दोन मिनिटं काहीच बोलले नाही. मग म्हणाले, "हौ बापू, माह्यीच चुकी हाय. बटन मागं पाहिजे होतं." मी म्हटलं काका मागं तरी कशाला, डायोडच्या मागं लावलं तर रिकाम्या कंडेन्सरवर एकदम धक्का बसल, तुमचा स्विच २५० एसीचा आहे, चारशे डीसी तोडताना त्याच्या आत ठिणगी पडून राहिली. त्यांनी स्विच काढून पक्कडनं उघडला. आतले दोन्ही पॉइंट काळे, एक तर अर्धा वितळून शेजारच्या पत्र्याला चिकटायला आला होता. इतक्या वर्षांच्या मेकॅनिकनं गिऱ्हाइकासमोर आपली चूक उघडून पाहिली आणि मान्य केली, हे माझ्या बघण्यात पहिल्यांदा. मला भांडताच आलं नाही.

मग ठरलं की जीझेड३४ परत लावायचा. तो मी ऑनलाइन मागवला, नवा बनतो अजून, मला पोस्टानं धरून ३,१०० पडले, महाग आहे हे मान्य. पण या व्हॉल्व्हची गंमत अशी की तो स्वतःच हळू तापतो. ईएल३४ तापून करंट ओढायला लागतात त्याच सुमारास हा व्होल्टेज सोडायला लागतो. म्हणजे जो शेक द्यायला भोक पाडून स्विच लावला तो शेक कारखान्यातूनच आत बसवून दिलेला होता आणि आपण तो काढून फेकला होता. सगळे रेक्टिफायर असे नाहीत हे ध्यानात ठेवा, ५यू४ सारख्यात फिलामेंटच कॅथोड असतं, ते दोन-चार सेकंदात व्होल्टेज सोडतात.

२२० चा कंडेन्सर मात्र काढावा लागला. जीझेड३४ ला कंपनीच्याच कागदात ६० मायक्रोफॅरडची हद्द दिली आहे, त्याच्यावर गेलं की चार्ज होतानाचा झटका त्याला झेपत नाही, आत ठिणग्या पडतात. काका म्हणाले, "मंग पयला वाल त्यानंच गेला का काय?" नाही, तेव्हा जुना ५० चाच होता, तो म्हातारपणानं गेला. आता ४७ चा लावला, ५०० व्होल्टचा, आणि घूं आवाजासाठी पुढच्या टप्प्याला थोडा मोठा दिला. कंडेन्सरवरून अर्थकडं २२० किलोओमचा एक रेझिस्टर टाकला, आता बंद केला की मिनिटभरात कंडेन्सर रिकामा. पाच रुपयाची वस्तू आहे ही, पहिल्याच दिवशी टाकायला पायजे होती.

चालू करताना काकांनी सरळ बोर्डात लावला नाही, आधी सिरीज बल्बवर, म्हणजे लाइन बल्बमधून जाऊन मग अँपला. हे पाहण्यासारखं असतं. बल्ब एकदम भकभकला कारण थंड फिलामेंट गरमपेक्षा कितीतरी पट जास्त करंट ओढतं, मग हळूहळू मंद होत तांबूस झाला, त्याच वेळेला व्हॉल्व्हच्या आत नारिंगी रेघ दिसायला लागली. मंद राहिला म्हणजे आत शॉर्ट नाही. मग सरळ लाइनवर, मी मोबाइलचं घड्याळ लावलं अन् मीटरकडं पाहत बसलो. दहा-अकरा सेकंद शून्य. मग हलला. ४०. ११०. अडीचशे. विसाव्या सेकंदाला ४०५ पर्यंत गेला आणि ईएल३४ नी करंट धरला तसा खाली येत येत ३८८ वर टेकला. ना बटन, ना झटका. दुकानातल्या भोंग्यातून आधी हलकी खसखस आली अन् मग काकांनी माईकमध्ये "हॅलो" म्हटलं, नुसतं एकदा. रस्त्यावरचा एक माणूस थांबून आत पाहायला लागला.

मजुरी घेतली नाही. कंडेन्सर अन् रेझिस्टरचे ३५० दिले. स्विचचे आधीचे ४०० मी मागितले नाही, त्यांनीच टेबलावर काढून ठेवले, मी दोनशे उचलले, चहा झाला. समोरच्या भोकात त्यांनी लाल इंडिकेटर बसवून दिला, जुन्या टेपरेकॉर्डरमधला, शोभून दिसतो. बाबांनी पाहिला, बोटानं दाबून पाहिला की बटन तर नाही, मग काही म्हणाले नाही.

एक स्टार कापला तो भोकाचा. न विचारता दुसऱ्याच्या आबाजीच्या वस्तूला ड्रिल लावायचं नाही, काका. आणि कामाला वेळ फार लागतो, "चार दिवसात ये" म्हणजे सतरा दिवस धरा.

मंडळानं आता दोन सवयी लावून घेतल्या. लाइट गेली की आधी अँपचं बटन बंद, कारण आमच्याकडं लाइट गेली तशीच दोन सेकंदात परत येते, पुन्हा जाते, आणि गरम रेक्टिफायरवर असे झटके बसणं बरं नाही, मिनिटभर थांबून मग लावायचं. दुसरं, स्टॅबिलायझर. संध्याकाळच्या १८० ला फिलामेंटला ६.३ च्या जागी पाचसुद्धा मिळत नाहीत, अर्धवट तापलेल्या कॅथोडकडून पूर्ण काम घेतलं तर तोही मरतो. काकांनीच त्यांच्या ओळखीनं जुना पण तांब्याचा स्टॅबिलायझर १,२०० मध्ये मिळवून दिला. काकडा म्हणाल तर आता विणेकरी आला की अँप लावतो, त्याची वीणा जुळेपर्यंत अँप तयार असतो.

जाणार असाल तर दुकान बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीला लागून, बाजाराच्या दिवशी जाऊ नका, त्या दिवशी काका मिक्सर अन् टेबलफॅनमध्येच गुंतलेले असतात. अँपसोबत आपला भोंगा किंवा लाइनचा ट्रान्सफॉर्मर घेऊन जा, कारण त्यांच्याकडं टेस्टिंगला भोंग्याच्या जागी लावायचा आठ ओमचाच लोड आहे आणि ३५ वॅटच्या शंभर व्होल्ट लाइनला २८५ ओमच्या आसपास लागतो, अन् व्हॉल्व्हचा अँप बिनालोडचा जोरात वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच जातो, तो पुन्हा गुंडाळून देणारा माणूस काकांनाही माहीत नाही. मी भोंगा मांडीवर घेऊन एसटीनं गेलो, कंडक्टरनं त्याचंही अर्धं तिकीट फाडलं.